व्हरांडा असलेली टपालपेटी

२ एप्रिल

टपालपेटी पडली. पहाटे बर्फ हटवणारा ट्रॅक्टर गेला, त्याचा धक्का. आमचा कच्चा रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो तिथं गावातल्या सगळ्यांच्या पेट्या एका लाकडी स्टँडवर ओळीनं आहेत. त्यातली पडली फक्त माझी. शेजारचा कॉन्नी म्हणे, तुझी एकाच खिळ्यावर होती. धादांत खोटं. खिळे दोन होते. दुसरा ठोकायचा राहिला होता, एवढंच.

तात्पुरती तारेनं बांधली.

दुपारी इंगेलाचा फोन. बायको फेब्रुवारीपासून फालून शहरात असते. हवापालट. लग्नाला बरीच वर्षं झाली की बायकांना असा बदल लागतो, असं मी कुठंतरी वाचलं आहे. जाताना शिवणयंत्र नेलं, हिवाळी कोट नेला, उन्हाळी कपडेही नेले. पहिल्यापासून दूरदृष्टीची.

म्हणाली, "हेनिंग, पेटीवरचं माझं नाव काढ ना. टपालवाली नाव बघते आणि आत टाकते. नाव नसलं तर ती परत पाठवेल. पाठवणाऱ्याला तरी कळेल, मी तिथं राहत नाही ते."

मी म्हटलं, बघतो.

"बघू नकोस. काढ."

म्हणजे तिकडे राहूनही तिचं लक्ष इथल्या पेटीवर आहे. हे फार बोलकं वाटलं मला.

५ एप्रिल

निर्णय घेतला. नुसतं नाव काय काढायचं? पेटीच बदलायची. आणि दुकानातून आणायची नाही, स्वतः करायची.

डिझाइन डोक्यात तयार आहे: आमचंच घर, लहान आकारात. तोच पिवळा रंग, पांढऱ्या चौकटी, तांब्याचं छप्पर, आणि समोर कोरीव खांबांचा व्हरांडा. इथल्या जुन्या शेतघरांना असतो तसा.

खऱ्या घराला व्हरांडा अजून नाही. पाया आहे. इंगेलाला संध्याकाळी बाहेर बसून कॉफी प्यायची होती, म्हणून मी तो आखला होता. मध्यंतरी काम थोडं रेंगाळलं. पायात आता बर्चचं झाड उगवलं आहे, चांगलं खांद्याइतकं. पेटीवरचा व्हरांडा हा त्याच कामाचा पहिला टप्पा समजता येईल.

इंगेला परत येईल, वळणावर गाडी थांबवेल, आणि तिला पहिल्यांदा काय दिसेल? पूर्ण झालेलं घर.

६ एप्रिल

नकाशा काढला. चारही बाजू, वरून आणि छेद. नगरपालिकेच्या नियोजन खात्यात उभी हयात घालवली, ती काही उगाच नाही. माझ्या आखणीत चूक दाखवावीच कुणी.

११ एप्रिल

लाकूड हाच मुख्य प्रश्न. साधं पाइन चालणार नाही. सावकाश वाढलेल्या झाडाचा गाभा हवा, आणि तो वाळायला हवा. यूस्दालच्या वखारीत गेलो. तिथला माणूस म्हणाला, टपालपेटीच ना? मग हे घे. मी त्याला लाकडातल्या ओलाव्याबद्दल थोडं सांगितलं. गिऱ्हाइकं खोळंबली होती, तरी सगळ्यांनी ऐकून घेतलं. येताना नवीन राउटर घेतला, लाकूड कोरायचं यंत्र. त्याशिवाय कोरीव काम अशक्य.

कॉन्नीनंही आज नवी पेटी बसवली. काळी, दुकानातली. माझी कॉफी संपायच्या आत त्याचं काम आटोपलं. कीव आली.

१९ एप्रिल

इंगेलाचा फोन. नाव काढलं का?

मी म्हटलं, त्याच कामात आहे. तुझं नाव किती मोठ्या अक्षरांत हवं?

तिनं लांब सुस्कारा सोडला. अक्षरांच्या वळणाचा विचार करत असावी. मग म्हणाली, "हेनिंग, तू जेवतोस ना नीट?"

जेवतोस ना नीट! आता यात आणखी काय शोधायचं?

३० एप्रिल

टेकडीवर वसंताची शेकोटी. सगळं गाव होतं. धूर, गाणी, भाजलेले सॉसेज. मी नकाशे बरोबर नेले होते.

आमच्या रस्ता-मंडळाच्या अध्यक्ष मायवोरबाई. वय चौऱ्याहत्तर, आवाज शाळेच्या घंटेसारखा. नकाशा शेकोटीच्या उजेडात धरून त्या म्हणाल्या, "हेनिंग, ही पेटी आहे की उन्हाळी बंगला? तीन पेट्यांची जागा खातेय. बाकीच्यांनी पत्रं काय झाडावर लटकवायची?"

कॉन्नी म्हणाला, "भाड्यानं द्यायची असेल तर आधी मला सांग."

हसले सगळे. मीही हसलो. या देशात कुणी जरा वेगळं काही करायला गेला की लोकांच्या पोटात दुखतं. सगळ्यांच्या पेट्या सारख्या, सगळ्यांच्या गाड्या करड्या, सगळ्यांची मतं सारखी.

मग मायवोरबाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "तिचं नाव काढ रे. सोपं काम आहे. नावाची पट्टीच तर ओढायची."

बायकांचं आपसात बोलणं होत असणार. म्हणजे इंगेला गावाच्या संपर्कात आहे. उत्तम.

१४ मे

रस्ता-मंडळाची सभा. मायवोरबाईंचं स्वयंपाकघर, कॉफी, दालचिनीचे बन. खड्डे, खडी, उन्हाळ्यातली धूळ असे किरकोळ विषय आधी उरकले. मग माझा.

बरीच चर्चा झाली. शेवटी ठरलं की मी ओळीच्या टोकाला स्वतःचा वेगळा खांब उभारावा. अट एकच: सप्टेंबरात रस्त्याच्या साफसफाईचा दिवस असतो, तोवर काम पूर्ण हवं. नाहीतर मंडळ कॉन्नीसारखी काळी पेटी आणून ठोकणार.

एकमतानं पाठिंबा. ठराव झाल्यावर कॉन्नी म्हणाला, "सप्टेंबर कुठल्या वर्षीचा, तेही लिहून ठेवा." त्यावर मायवोरबाईंना इतकं हसू आलं की बन घशात अडकला. पाठीवर मीच थापट्या मारल्या.

२० मे

एक अडचण. रस्त्याकडेला काँक्रीटच्या पायात बसवलेला जड खांब चालत नाही. गाडी आदळली तर खांबानं वाकायला किंवा मोडायला हवं, असा नियम आहे. नियम चांगला माझ्या ओळखीचा. मीच लिहिला होता. त्याच्या जोरावर मी एका म्हाताऱ्याचा दगडी सिंह काढायला लावला होता, आणि म्हातारा कार्यालयात येऊन रडला होता.

नियम उत्तम आहे. पण तो लिहिताना माझ्या डोळ्यापुढे सर्वसामान्य लोक होते.

२१ मे

लाकडी खांबच करतो. पेटीचं वजन कमी करावं लागेल. नकाशे पुन्हा.

६ जून

राष्ट्रीय दिन. झेंडा लावला. दोरी अडकली, अर्ध्यावरच राहिला. कॉन्नीनं येऊन विचारलं, कुणी गेलं का?

अक्षरांची ऑर्डर दिली. ओतीव पितळ. "इंगेला आणि हेनिंग एकवाल." तिचं नाव आधी. हा मोठेपणा तिच्या लक्षात येईलच. ओतणारा म्हणाला, हल्ली लोक नुसतं आडनाव लावतात. मी म्हटलं, लोकांचं मला सांगू नका.

तिचं टपाल मी अगदी व्यवस्थित ठेवतो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, तिच्या खुर्चीसमोर. आल्या आल्या हाताशी असावं. गठ्ठा चांगला जाड झाला आहे. त्यामुळे समोर कुणी बसल्यासारखं वाटतं.

१९ जून

मिडसमर सणाची पूर्वसंध्या. हेरिंग मासे, नवे बटाटे, आंबट साय. दोघांचं मांडलं. ती येईल असं म्हणाली नव्हती, पण येणार नाही असंही म्हणाली नव्हती.

फोन मात्र आला. नीट बोलता येत नव्हतं. जबडा सुजलाय. दाताच्या डॉक्टरांनी तारीख अलीकडे घेतली होती, तसं पत्र पाठवलं होतं, ते तिला मिळालंच नाही. ती जुन्या तारखेला गेली, दवाखान्याला सुट्टीचं कुलूप.

मी म्हटलं, ते पत्र ना? आहे की इथं. नीट ठेवलंय.

त्यानंतर जे बोलली ते सगळं कळलं नाही, सूज होती म्हणून. एवढं कळलं: "तू ते ठेवून दिलंस? मी दिवसरात्र कळवळतेय, हेनिंग, आणि तू पत्र ठेवून दिलंस?"

बिचारी. तिची दुखणी ती अजून मलाच सांगते.

पत्रं लगेच नव्या पाकिटांत घालून तिला पाठवली. पट्टी ओढायला वळणापर्यंत गेलोही होतो. पण पट्टी जुनी आहे, ओढली तर पेटीचा रंग निघेल. जुनी पेटी विद्रूप करून काय मिळवायचं? नवी येतेच आहे.

३ जुलै

पितळवाले सुट्टीवर. वखार सुट्टीवर. सगळा देश जुलैत बंद असतो. अशा परिस्थितीत मी एकटा किती रेटणार?

१५ जुलै

राउटरनं पहिला खांब कोरला. फाटला. दुसरा कोरला. फाटला. यंत्रात दोष.

१६ जुलै

यंत्रात दोष नाही. पातं उलटं बसवलं होतं. सूचना परदेशी भाषांमध्ये आधी आणि स्वीडिशमध्ये शेवटी दिल्या की असं होणारच.

२९ जुलै

चार खांब तयार. खरं सांगायचं तर सुंदर झाले आहेत. खिशात एक घालून फिरलो दिवसभर.

व्हरांड्याचा कठडा बसवत होतो. आगपेटीच्या काडीएवढ्या दांड्या, डिंक, चिमटा. बाहेर पाऊस. ती असती तर आतून ओरडली असती की भुसा जमिनीवर सांडू नकोस. मी म्हटलं असतं, नंतर झाडतो. आणि झाडलं नसतं. न्हाणीघराच्या फरश्यांचंही असंच. अर्ध्या भिंतीला टाइल, अर्ध्या भिंतीला उघडं सिमेंट, आणि तिथं उभी राहून ती इतकी वर्षं केस विंचरत होती. निघताना एवढंच म्हणाली होती, "मला आता कुठंतरी संपलेल्या घरात राहायचंय."

मला तिची फार आठवण येते.

डिंकाच्या वासानं डोळ्यांतून पाणी येतं. डब्यावर तशी सूचनाही आहे. उद्यापासून खिडकी उघडी ठेवायची.

१४ ऑगस्ट

कॉन्नीकडे क्रेफिश पार्टी. कागदी टोप्या, कागदी कंदील, कोळंबीसारख्या नांगीवाल्या लाल क्रेफिशच्या परातीच्या पराती. इंगेला आली होती! मायवोरबाईंबरोबर. गालाची सूज उतरलेली, केस कापलेले. निळा ड्रेस नवा. टोपीतही छान दिसत होती.

शेजारी बसलो. क्रेफिश सोलता सोलता पेटीबद्दल सगळं सांगितलं. छपराचा उतार, दाराची बिजागरी, गाडीतून न उतरता टपालवालीचा हात पोचावा म्हणून पुढे काढलेलं तोंड. तिनं मधे मधे मान हलवली. मग माझ्याकडे न बघता, नांगी फोडत म्हणाली, "हेनिंग, मी तुला दोनच शब्द सांगितले होते. एप्रिलमध्ये."

एप्रिलमधलं बोलणं तिला अजून आठवतं!

पुढे म्हणाली, "आणि तू पोटात साठवतोस ते सगळं त्या पेटीत भरू नकोस. मावायचं नाही." तांत्रिक मुद्दा रास्त आहे. आतली खोली वाढवता येईल.

नंतर गाणी सुरू झाली. ती कॉन्नीच्या कुठल्या तरी विनोदावर खूप हसली. टोपी पडेपर्यंत. आमच्या घरात असं हसल्याचं मला लवकर आठवेना. घर शांत असतं आमचं, म्हणून असेल.

२ सप्टेंबर

पितळी अक्षरं आली. सोन्यासारखी. प्रत्येक अक्षराला दोन स्क्रू, पितळीच, आत बुडवून बसवायचे. एकदा बसले की वादळ आलं तरी हलायचे नाहीत.

तिला फोन करून साफसफाईच्या दिवसाचं आमंत्रण दिलं. म्हणाली, येते. लगेच म्हणाली. इतकं सरळ "येते" या वर्षात पहिल्यांदाच. न्हाणीघरातल्या टाइल उद्याच मोजायला घेतो. व्हरांड्याच्या पायातला बर्चही काढायला हवा, पण झाड बरंच मोठं आहे आणि पक्षी बसतात.

२५ सप्टेंबर

रंगाचा शेवटचा हात. पूर्ण झाली.

पुन्हा लिहितो. पूर्ण झाली. मुदतीच्या आत. एका दिवसानं का होईना. तारीख पाहिली, वर्षही हेच. कॉन्नीला हे आवर्जून दाखवणार.

टेबलावर ठेवून समोर बसलो. तांब्याचं छप्पर, आठ खिडक्या, व्हरांडा. त्यावर दोन लहानशा खुर्च्याही केल्या. नकाशात नव्हत्या. हातांनी आपल्या आपण केल्या.

उद्या ती ही बघेल आणि तिला कळेल की मी काम संपवू शकतो. एवढंच तर तिला हवं होतं. उद्या संध्याकाळसाठी सामन मासा आणून ठेवला आहे, शेपूची देठंही. पलंगावरच्या तिच्या बाजूची चादर बदलली.

२६ सप्टेंबर, रात्र

साफसफाईचा दिवस. हवा स्वच्छ, थंड. सगळं गाव फावडी-पंजे घेऊन वळणावर. मी आणि कॉन्नीनं पेटी खांबावर चढवली. कॉन्नी चारी बाजूंनी फिरून आला आणि टोपी काढून डोकं खाजवलं. मायवोरबाई चष्मा लावून खिडक्यांतून आत बघत होत्या. म्हणाल्या, "अरे, दुष्ट माणसा, एवढं येत होतं तुला!"

टपालवाली मालेनाही गाडी घेऊन आली, तिचा वार होता. खिडकीतून हात काढला, दार उघडलं, मिटलं. "पोचतो हात," म्हणाली. टाळ्या झाल्या. खरोखर टाळ्या.

इंगेला अकराच्या सुमाराला आली. गाडी वळणावर थांबवली, मी योजलं होतं अगदी तिथंच. उतरली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. मग जवळ येऊन कठड्यावरून बोट फिरवलं. खुर्च्या दिसल्या तिला. एकीला हात लावला. तिचे डोळे भरले. हे मी माझ्या सोयीनं लिहीत नाही, मायवोरबाईंनीही पाहिलं.

म्हणाली, "फार सुंदर झालंय, हेनिंग. खरंच. तू संपवलंस."

मी म्हटलं, हो. संपवलं.

ती म्हणाली, "स्क्रूड्रायव्हर आहे का तुझ्याकडे?"

मला वाटलं, काहीतरी सैल दिसलं असेल तिला. दिला. तिनं पहिल्या अक्षराच्या स्क्रूला तो लावला.

गावकरी एकदम पानं झाडायला लागले. जिथं पानं नव्हती तिथंही.

पहिलं अक्षर निघालं. दुसऱ्याला वेळ लागला. स्क्रू मी चांगलेच घट्ट बसवले होते, तिच्या मनगटात तेवढा जोर नाही. स्क्रूड्रायव्हर घसरला आणि पिवळ्या रंगावर ओरखडा उठला. ती म्हणाली, "अरे देवा, सॉरी, सॉरी." कामाबद्दल इतकं वाईट वाटलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, असू दे. डावीकडे फिरव आणि आधी दाबून धर. तिनं दाबलं. निघेना.

तिची बोटं लाल झाली होती.

मग मी म्हटलं, आण इकडे. आणि उरलेली मी काढली. तिचं नाव, आणि "आणि" सुद्धा. ती शेजारी तळहात पसरून उभी होती, एकेक अक्षर घेत होती. शेवटचं दिल्यावर तिनं मूठ मिटली आणि दुसऱ्या हातानं माझा कोट सारखा केला. बटण एक घर चुकलं होतं.

"जेव नीट," म्हणाली.

सामन मायवोरबाईंकडे नेला. त्यांनी बटाटे उकडले.

२९ सप्टेंबर

नावाच्या जागी स्क्रूची भोकं उरली आहेत. पाणी शिरलं तर लाकूड कुजेल. लांबी भरून बुजवली, वर रंग दिला. ऊन पडलं की जागा तरीही थोडी वेगळी दिसते.

मालेना येऊन गेली. पेटी उत्तम चालते. दार बरोबर मिटतं, आत थेंबही नाही. तीन पत्रं होती. तिन्ही माझी.